पानांच्या घरातला टमाटा

मला तिसरा महिना लागला तो श्रावणात, आणि त्याच आठवड्यात मला टमाटा खावासा वाटू लागला. वाटू लागला म्हणजे काय, सकाळी डोळे उघडायच्या आत जिभेवर त्याची आंबटगोड चव यायची. भाकरी थापताना यायची, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवापुढे हात जोडले की तिथेही यायची. मी स्वतःशीच लाजायचे आणि स्वतःशीच हसायचे. अठरा वर्षांची होते, पहिलटकरीण होते, आणि अक्कल बेताचीच होती.

एवढं काय त्यात, बाजारातून आणायचा, असं आज कुणीही म्हणेल. पण ती दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. निपाणीहून चिकोडीकडे जाताना लागणारं आमचं गाव, आणि आमचं घर जैन शेतकऱ्याचं. टमाटा ही तेव्हा आमच्याकडे साहेबलोकांची वस्तू होती. तो बेळगावच्या कॅम्पात मिळायचा, तोही थंडीत. घरात तर त्याचं नाव काढायची सोय नव्हती. कापला की आतून मांसासारखा लाल दिसतो आणि नुसता बियांनी भरलेला असतो, असं आत्तींनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी स्वतः टमाटा कधी पाहिला नव्हता, पण त्याच्याविषयी त्या अगदी खात्रीनं बोलायच्या.

मी मात्र खाल्ला होता. लग्नाआधी दोन वर्षं मी बेळगावला काकांकडे राहून शाळा शिकले. शेजारी एक म्हातारा माळी राहायचा. कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर तो कामाला होता. एकदा त्यानं धोतराच्या सोग्यातून एक टमाटा काढून माझ्या हातावर ठेवला, वर मिठाची चिमूट दिली आणि म्हणाला, "खा बिनधास्त, झाडाचं फळ हाय." मी भिंतीआड उभी राहून तो खाल्ला. ओठ पुसून घरी गेले आणि कुणालाही सांगितलं नाही. तीन-चार वर्षांनी तो टमाटा पोटातल्या जिवानं शोधून काढला.

आमच्याकडे सुनेला डोहाळे विचारायची रीत आहे. आत्तींनी मला चुलीजवळ बसवलं आणि विचारलं, "काय खावं वाटतंय सांग गं पोरी. लाजू नगंस. डोहाळा मारला की पोराची लाळ गळती."

हे त्या उगीच म्हणत नव्हत्या. गावात एक गृहस्थ होते. मिशा पिकल्या तरी उपरण्याचं टोक हनुवटीला लावून बसायचे. त्यांच्या आईला फणस खायचा होता आणि तो मिळाला नाही, असं सगळं गाव सांगायचं. आत्ती त्यांना बघितलं की मान वळवायच्या. आपल्या नातवाच्या हनुवटीला उपरणं लागू द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं असणार.

मी मान खाली घालून म्हणाले, "टमाटा."

आत्तींनी तोंडातल्या तोंडात णमोकार म्हटला. मग म्हणाल्या, "दुसरं काय?"

"दुसरं काई न्हाय, आत्ती."

"पेरू?"

"न्हाय."

"गुळाची पोळी करती की तूप घालून."

"न्हाय ओ."

त्या उठून गेल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यातून चातुर्मास चालू. एरवी चालणाऱ्या चार भाज्याही त्या चार महिन्यांत आमच्याकडे बंद असायच्या, आणि मी मागत होते टमाटा. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आपला निकाल सांगितला. बाजारातला टमाटा घरात येणार नाही, कारण कॅम्पाच्या बाजारात त्याच्या शेजारी मटण आणि मासळी असते. पण आपल्या रानात, आपल्या विहिरीच्या पाण्यावर, आपल्या माणसांच्या हातानं पिकला, तर सुनेपुरता चालेल. त्याचं जे काही पाप असेल ते आपण उपास धरून फेडू. आणि आणखी एक. सातव्यात मला माहेरी न्यायला माझा भाऊ येणार होता. डोहाळा त्याच्या आत, याच घरात पुरा झाला पाहिजे. अर्धा डोहाळा घेऊन सून माहेरी गेली तर लोक काय म्हणतील, ही त्यांची मोठी काळजी.

मला इतका आनंद झाला, की मी खांबाला मिठी मारली. खांबाला, कारण आत्तींना मिठी मारायची छाती नव्हती.

लगेच आमचे हे सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेले आणि मी पत्ता सांगितलेल्या त्या म्हाताऱ्या माळ्याकडून कागदाच्या पुडीत बी घेऊन आले. बरोबर एक बातमीही घेऊन आले. ही बातमी आणली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. ते म्हणाले, "साहेबाच्या बंगल्यात टमाटं काचंच्या घरात लावत्यात."

घराच्या पुढच्या सोप्यावर माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ बसले होते. थोरल्या मामंजींचा पानमळा होता, खाऊच्या पानांचा. धाकट्या मामंजींचा तंबाखू होता, उघड्या माळावर. एकानं पान द्यायचं, दुसऱ्यानं त्यात तंबाखू घालायची आणि दोघांनी मिळून ते चघळत भांडायचं, असा त्यांचा रोजचा कार्यक्रम.

थोरले मामंजी म्हणाले, "घरात लावत्यात म्हंतोस नव्हं? मग झालं की. वाऱ्यापासनं जपाय पायजे त्याला. आपला पानमळा म्हंजे घरच हाय."

धाकटे म्हणाले, "आण्णा, काचंचं घर म्हंतोय त्यो. काच कशापायी? ऊन आत याया. त्याला ऊन पायजे, ऊन!"

"ऊन पायजे तर घर कशाला बांधलं साहेबानं?"

"सावली पायजे तर काच कशाला लावली?"

दोघंही माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले. काचेचं घर यांनी बाहेरूनही पाहिलेलं नव्हतं. ते पाणी पिऊन येतो म्हणून आत आले आणि परत बाहेर गेलेच नाहीत. शेवटी पितळी ताटात बी ओतून दोन वाटे झाले. थोरले पानमळ्यात लावणार, धाकटे तंबाखूच्या बांधाला उघड्यावर. ज्याचं फळ आधी पिकेल तो खरा. माझ्या डोहाळ्याची अशी पैज लागली आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड तोंडात पदर कोंबून हसत उभी राहिले.

पानमळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. शेवरी, हादगा, पांगारा अशी झाडं दाट लावायची आणि त्यांच्या अंगावर नागवेल चढवायची. चारी बाजूंनी उसाच्या पाचटाच्या तट्ट्या उभ्या करायच्या. आत वारा नाही, ऊन कवडशापुरतं, आणि जमीन कायम ओली. आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही, पायताण बाहेर काढायचं. बायकांनी तर सहसा जायचंच नाही. थोरले मामंजी तिथे शिरताना आवाजही खाली आणायचे. धाकट्यांचा माळ याच्या अगदी उलट. उभा उघडा, ऊन अंगावर घेणारा. तंबाखूला पाण्यावाचून रडवल्याशिवाय पान जाड होत नाही, असं ते अभिमानानं सांगायचे.

भादव्यात रोपं लागली आणि रोजच्या बातम्या सुरू झाल्या. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची आमची पद्धत, त्यामुळे संध्याकाळी दोघं भाऊ एका पंगतीला असायचे. मी वाढायला.

"आज पान ह्ये एवढं झालंय," थोरले मामंजी पंजा पसरून सांगायचे. "मऊ कसं, लोण्यागत."

"माझं पान बोटात धरून बघ आण्णा. चामडं हाय चामडं."

"माझा येल शेवरीच्या निम्म्यावर गेला."

"माझा बुडखा मनगटाएवढा झालाय."

मी आमटी वाढताना ऐकायचे आणि खूश व्हायचे. पंधरा दिवस गेले, महिना गेला. मग मला हळूहळू काहीतरी खुपायला लागलं. बेळगावच्या बंगल्यावर पाहिलेलं टमाट्याचं झाड मला आठवत होतं. त्याची पानं चिरफाळलेली, बारकी. त्याच्या पानांचं कौतुक करताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. आणि इथे फुलाचं नावच नाही. यांना म्हटलं, "जरा विचारा की, फूल आलंय का." तर हे म्हणाले, "पंचवीस वर्सं पानमळा केलेल्या माणसाला मी काय इचारू?" माझ्या नवऱ्याचे पुष्कळ गुण मी सांगू शकते, पण त्यात धीटपणा बसत नाही.

दसरा झाला. पाचवा महिना सरत आला. एक दिवस आत्ती ताट ठेवून उभ्या राहिल्या आणि पंगतीसमोर म्हणाल्या, "दोन म्हयनं नुसतं पान पान ऐकतीया. फळ कुठं हाय?"

थोरले मामंजी म्हणाले, "येईल की. आधी पान तर हू दे."

आत्तींनी माझ्याकडे बघितलं, मी आत्तींकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी न्हाऊन पानमळ्याच्या तोंडाशी हजर. पायताणं काढली. थोरल्या मामंजींना बायकांना अडवावं की नाही ते समजेना. पण त्यांना आपलं झाडही दाखवायचं होतं. अभिमान जिंकला आणि आम्ही आत गेलो.

आत गेल्यावर डोळ्यांना काही दिसेना. मग दिसलं. नागवेलीच्या ओळीच्या कडेला टमाटा शेवरीला लव्हाळ्यानं बांधत बांधत वर नेलेला. दोन पुरुष उंच! पानं माझ्या पंजाएवढी, फिकी हिरवी, खरंच लोण्यासारखी. देठ मात्र करंगळीएवढा. पार वर, हात पोचणार नाही तिथे, दोन-तीन पिवळी फुलं होती. आत्तींनी शेवरीला हात लावला तेवढ्या धक्क्यानं ती गळून त्यांच्या डोक्यावर पडली.

"कसं काय?" मामंजी म्हणाले. पोरीच्या लग्नातही त्यांचा चेहरा एवढा फुलला नसेल.

आत्तींनी डोक्यावरची फुलं झटकली आणि माझा हात धरून थेट माळावर निघाल्या. मागून मामंजीही आले, धाकट्याचं काय झालंय ते बघायला.

माळावर धाकटे मामंजी ओणवे होऊन काम करत होते. त्यांची झाडं गुडघ्याएवढी, रुंद, काळपट हिरवी, पानं जाडजूड. लांबून कुणालाही तंबाखूच वाटली असती. टमाटा आणि तंबाखू एकाच गोतातली, पानाला वासही तसाच, हात लावला की चिकट पिवळा डाग तसाच. धाकट्यांनी ते ओळखलं होतं आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला होता.

"बघा वैनी, कसा खडा माल हाय! ह्ये आमच्या घराण्यातलं निघालं."

"भावजी, फुलं कुठं हायती?" आत्तींनी विचारलं.

"फुलं?" धाकटे मामंजी छाती काढून उभे राहिले. "फुलं लई यायला लागलीती वैनी. रोज सकाळी येतो, खुडून टाकतो. एक ऱ्हाऊ दिलं न्हाय!"

आणि त्यांनी बांधाकडे बोट दाखवलं. तिथे वाळलेल्या पिवळ्या फुलांचा हा एवढा ढीग होता.

तंबाखूचं असंच असतं. शेंड्याला फूल आलं की खुडायचं, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. तीस वर्षं त्यांच्या बोटांनी तेच केलं होतं, आणि टमाट्यासमोरही तेच केलं. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. हा माझा चुलतसासरा रोज पहाटे उठून, न चुकता, मोठ्या मायेनं, माझे टमाटे एकेक करून खुडत होता. मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. सासऱ्यांपुढे सुनेनं हसायचं नसतं हे मला ठाऊक होतं, म्हणून आणखीच येऊ लागलं. मी बांधावर बसले, पोट धरलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग ते पाणी थांबेना तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडते आहे. कारण आता टमाटा मिळणार नव्हता. दोन महिने मी त्याच्या आशेवर जगले होते.

आत्तींचा राग अनावर झाला की त्या कन्नडात शिरायच्या. त्या दिवशी त्या कन्नडात बराच वेळ राहिल्या. मग मराठीत आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, पोर फळ खाणार हाय. पान न्हाय."

धाकट्या मामंजींनी आपल्या पिवळ्या बोटांकडे बघितलं. "पर वैनी, फूल ठिवलं की पान हलकं पडतंय..." एवढं म्हणाले आणि मधेच थांबले. त्यांचा चेहरा असा काही झाला की मला परत हसू आलं.

त्या संध्याकाळी सोप्यावर भांडण झालं नाही. दोघं भाऊ नुसते चघळत बसले. थोरले म्हणाले, "आपुन दोघंबी पानाची माणसं. फळ कवा केलंय आपुन?" मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "सूनबाई, त्यो माळी काय करीत हुता, बघितलंयस न्हवं तू? सांग."

लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि मामंजींशी मी 'व्हय' आणि 'न्हाय'च्या पलीकडे कधी बोलले नव्हते. मी दाराआडून बोलायला लागले. एकदा काकूंबरोबर बंगल्यावर गेले होते तेव्हा जे पाहिलं आणि माळ्याकडून जे ऐकलं ते सगळं सांगितलं; आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं. काचेला माळी उन्हाळ्यात चुना फासायचा. थंडीत चुना पुसून ऊन पुरतं आत घ्यायचा. सकाळी दारं उघडायचा, गारठा पडायच्या आत लावायचा. बगलेतले फुटवे काढायचा पण फुलाला बोट लावायचा नाही. आणि दुपारी एक बारकी काठी घेऊन झाडांना टिचक्या मारत फिरायचा, कारण काचेच्या आत वारा नसतो आणि हलवल्याशिवाय फूल फळत नाही. मी बोलत गेले, बोलत गेले. थांबले तेव्हा कळलं की बोलता बोलता मी दार सोडून सोप्याच्या मधोमध उभी आहे.

"म्हंजे घरबी पायजे आणि उघडंबी पायजे," थोरले मामंजी म्हणाले. "येळ बघून."

"माझंबी खरं आणि तुजंबी," धाकटे म्हणाले.

"तू खुडलीस, तुजं कसं खरं?"

चला, गाडी रुळावर आली असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून धाकट्यांनी हात मागे बांधले. खरोखरच मागे बांधून ते झाडांमधून फिरायचे, सवयीनं बोट जाऊ नये म्हणून. थोरल्यांनी पानमळ्याच्या पूर्वेच्या दोन तट्ट्या काढल्या, वेलाचा शेंडा छाटला आणि रोज दुपारी आंघोळ करून काठीनं टिचक्या मारायला लागले. गडी माणसं लांबून बघायची. मालकाला काय झालंय, कुणाला विचारता येईना. पण त्या वेलाची सवय बिघडलेली. चार फुलं धरली, चार गोट्या झाल्या आणि चारही गळल्या. थोरले मामंजी त्या दिवशी जेवताना पानाविषयी एक शब्दही बोलले नाहीत.

माळावरची झाडं मात्र पेटून उठल्यासारखी फुलली. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत बोराएवढी, मग लिंबाएवढी, मग मुठीएवढी हिरवी फळं. मी दोनदा जाऊन बघून आले. हिरव्या फळाचा नुसता वास घेतला तरी मला तरंगल्यासारखं व्हायचं.

आणि मग आभाळ आलं. कार्तिकाच्या शेवटी तीन दिवस बुरबुर पाऊस आणि मागोमाग असलं दाट धुकं, की शेजारचं घर दिसेना. उघड्यावरच्या पानांना काळे ठिपके पडले. बारा झाडांपैकी सात आठवड्यात करपून गेली. फळं बुडाशी सडून गळायला लागली. धाकटे मामंजी भिजत बांधावर बसून राहिले. उघड्या रानात छप्पर कुठून आणायचं?

ते थोरल्या मामंजींनी आणलं. पानमळ्याच्या आणखी चार तट्ट्या त्यांनी सोडवल्या आणि पहिली स्वतः डोक्यावर घेऊन माळावर चालत आले. तट्टी काढली की नागवेलीला वारा लागतो, पानं पिवळी पडतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आम्ही दारातून बघत होतो. धुक्यातून एक तट्टी दोन पायांवर चालत येत होती, खाली माणूस दिसतच नव्हता. धाकटे उठून उभे राहिले.

"आण्णा, तुजी पानं?"

"गप खुट्या रोव."

मग रोज तेच. ऊन वर आलं की तट्ट्या काढायच्या, दिवस कलला की घालायच्या. दोघं भाऊ दोन टोकं धरून. पाच झाडं वाचली. माझी भीती आता वेगळीच होती. डोहाळाच संपला तर? ऐकलं होतं की सातव्यात तो आपोआप जातो. रोज सकाळी मी डोळे मिटूनच जीभ चाचपायचे, चव आहे का बघायचे. असायची, आणि मी सुखानं उठायचे.

मार्गशीर्षात ठरल्या दिवशी माझा भाऊ बैलगाडी घेऊन आला. फळं हिरवी. आत्ती त्याला पाणी देताना म्हणाल्या, "डोहाळा पुरा झाल्याबिगार पोर उंबऱ्याभाईर जायाची न्हाय."

"किती दिस लागतील?" भावानं विचारलं.

"त्ये टमाट्याला इचार."

भाऊ राहिला. आधी संकोचला, मग रुळला, मग तिसऱ्या दिवसापासून त्यालाही वेड लागलं. सकाळी दोन्ही मामंजींच्या मागून माळावर जायचा आणि परत येऊन अंगणातूनच ओरडायचा, "पांढराट झालाय!" दुसऱ्या दिवशी, "बुडाला पिवळा!" शेजारीपाजारी विचारायला यायचे. ज्यांना टमाट्याचं नाव घेणं पाप वाटायचं तेही रंग विचारून जायचे.

सातव्या दिवशी कोणी ओरडलं नाही. तिघं पुरुष ओळीनं अंगणात आले. धाकट्यांच्या हातात फळ होतं, लालभडक, आणि त्याच्याखाली थोरल्यांनी खाऊचं पान धरलं होतं. दोघांनी मिळून एवढासा टमाटा उचलून आणला होता.

आत्तींनी तो पानासकट ताटात घेतला. सात पाण्यांनी धुतला. विळी लावू दिली नाही, आतला रंग बघायची त्यांची तयारी नव्हती. मला पडवीत पाटावर बसवलं, शेजारी मीठ ठेवलं आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. पुरुष अंगणात पाठ करून उभे राहिले, पण कान सगळ्यांचे माझ्याकडे.

मी चावा घेतला. रस कोपरापर्यंत ओघळला. डोहाळा गेला नव्हता हो! तीच चव, मिठासकट, आणि शिवाय तिच्यात आणखी काहीतरी, उन्हाचं म्हणा की पाचटाचं म्हणा. मी बी सोडलं नाही, साल सोडलं नाही, बोटं चाटली आणि मोठ्यानं हसले. ते ऐकून अंगणात दोन्ही सासरेही हसले. मग लगेच ते कुणामुळे पिकलं यावर त्यांचं सुरू झालं. माझा भाऊ गाडी जुंपायला गेला.

आत्ती वळल्या. माझं तोंड आपल्या पदरानं पुसलं. त्या पदराला टमाट्याचा रस लागला, तरी त्या पुसत राहिल्या. "भरलं का मन?" एवढंच विचारलं.

मला इतकं भरून आलं होतं की काहीही विचारायची हिंमत झाली. म्हटलं, "आत्ती, तुमाला काय खावं वाटायचं, पोटुशी असताना?"

"मला कोण इचारलंय?" त्या ताट उचलत म्हणाल्या. रागानं नाही, साधंच.

"पर वाटत तर असंल की काईतरी?"

त्या ताट घासायला लागल्या. तीन लेकरं झाली होती त्यांना.

"कवळी चिंच," त्या म्हणाल्या.

"चिंच? ती तर परसाच्या मागंच हाय."

"हाय की. तवाबी हुती. पर सासूच्या डोळ्यादेखत तोडायची कशी? रोज तिच्या खालनं पाणी घेऊन यायची मी."

मी उठले. सातवा महिना, पोट पुढे, तरी तशीच धावत अंगणात गेले आणि भावाला म्हणाले, गाडी राहू दे, आधी चिंचेवर चढ. त्यानं नवं धोतर नेसलं होतं, वर कोट होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग दोन्ही मामंजींकडे बघितलं. थोरल्या मामंजींनी त्याचा कोट हातात घेतला. आत्ती मागून ओरडत होत्या, "आगं येडी का खुळी तू? गाडी जुपलीया! मला काय आता डोहाळं लागल्यात?" पण तोवर तो फांदीवर होता आणि हिरवे आकडे टपाटप खाली पडत होते.

मी एक उचलला, मीठ लावलं आणि त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी चारी बाजूंना बघितलं, अजून कुणी बघत असेल तसं. मग चावा घेतला. डोळे गच्च मिटले, सगळा चेहरा आखडला.

"लई आंबट हाय गं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.